संदेश पोचला, हे कसे कळावे?

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी अरबी समुद्रास जेथे मिळते, तेथे खाडीच्या मुखाशी जयगड वसले आहे. किल्ला आणि दीपगृह ही या गावाची जुनी ओळख. २००९ पासून येथील नव्या बंदरात मोठी मालवाहू जहाजे येऊ लागली. त्याच परिसरात मच्छीमारांच्या होड्यांचीही ये-जा असते. अशा पाण्यात कोणता संदेश कोणत्या पद्धतीने पाठवावा, हा प्रश्न माणसांच्या जीविताशी निगडित आहे. हे संदेश आता संगणक हाताळीत असल्यामुळे संगणकाच्या आज्ञावलीलाही त्याचे उत्तर द्यावे लागते.

दोन मार्ग

आज्ञावली आपला संदेश स्वतः बाहेर धाडीत नाही. ते काम ती ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपविते. ही व्यवस्था प्रामुख्याने दोन मार्ग उपलब्ध करून देते. १९८० मध्ये निश्चित झालेल्या ‘यूडीपी’ या संकेतानुसार संदेश साध्या पोस्टकार्डासारखा रवाना होतो; तो पोचला किंवा नाही, याची चौकशी होत नाही. ‘टीसीपी’ हा संकेत मात्र पोचपावती मागतो. ती न आल्यास संदेश पुन्हा पाठविला जातो, आणि हरवलेला भाग मिळेपर्यंत पुढील भाग रोखून धरले जातात. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा असला तरी सर्वत्र तोच योग्य, असे नव्हे.

ताजेपणा की खात्री?

मोठ्या जहाजांवरील ‘एआयएस’ ही स्वयंचलित यंत्रणा जहाजाचे नाव, स्थान व वेग रेडिओवरून सर्वांना कळविते. जहाज चालू असताना स्थानाचा संदेश दर २ ते १० सेकंदांनी निघतो. ताशी १२ सागरी मैल वेगाचे जहाज १० सेकंदांत सुमारे ६२ मीटर पुढे जाते. म्हणजे हरवलेला संदेश पुन्हा मागवावा, तर तो येईपर्यंत शिळा झालेला असतो. आणि त्यासाठी नवा संदेश थांबवून ठेवणे तर धोक्याचेच. येथे पोचपावतीविना चालणारा मार्गच हितकर होय. दीपगृहाचा प्रकाशही कोणाकडून उत्तराची अपेक्षा करीत नाही. तो पुनःपुन्हा झळकत राहतो.

संकटाच्या हाकेची गोष्ट निराळी. ती हरवली, तर तिची जागा घेणारा दुसरा संदेश कदाचित येणारच नाही. म्हणूनच व्हीएचएफ रेडिओच्या ७० क्रमांकाच्या वाहिनीवरून दिलेला संकटसंकेत पोच मिळेपर्यंत सुमारे चार-चार मिनिटांनी आपोआप पुन्हा पाठविला जातो. मच्छीमारांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आले. त्याच्या दुसऱ्या पिढीत, हाक ऐकली गेल्याची पोच होडीपर्यंत परत येण्याची सोय झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून १ लाख मासेमारी नौकांवर दुतर्फा संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला.

तात्पर्य, संकेताची निवड करताना एकच प्रश्न विचारावा: हा संदेश हरवला, तर पुढचा संदेश त्याची भरपाई करील काय? करीत असेल, तर वेग आणि ताजेपणा पाहावा. करीत नसेल, तर पोच मिळाल्यावाचून थांबू नये.