फॉन्टची ने-आण आणि हरवलेली कोष्टकं

मराठी संगणकलेखनाचा इतिहास सांगताना आपण अक्षरांच्या वळणाबद्दल भरभरून बोलतो. वळण मोलाचं आहेच. 'मंगल' हा फॉन्ट घडवणाऱ्या र. कृ. जोशींचं ऋण कोण नाकारेल? पण एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर का मोडतो, हे त्या वळणातून कळत नाही. ते कळतं कोणत्या क्रमांकाला कोणता आकार हे ठरवणाऱ्या कोष्टकातून. आठ-बिटी घरगुती संगणकांवर ही अडचण फारशी नव्हती. 1984च्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांत आलेला बीबीसी मायक्रो घ्या किंवा स्पेक्ट्रम. दोन्हीकडे अक्षर म्हणजे आठ बाय आठ ठिपके, आठ बाइट. एकाची कॅसेट दुसऱ्याला वाचता येत नसली, तरी ते आठ आकडे कागदावर उतरवून दुसरीकडे टाइप करता येत. त्या काळाबद्दल एवढं पुरे.

खरा गुंता मॅकिंटॉश आणि विंडोज यांच्यात झाला आणि मराठी छपाईनं तो खूप सोसला. मॅकच्या फॉन्टचा ऐवज फाइलच्या 'रिसोर्स फोर्क' या भागात असे. डॉसच्या फ्लॉपीवर साधी नक्कल केली की नाव पोचे, ऐवज मागेच राही. विंडोजवर शून्य बाइटची फाइल दिसे. फॉन्टोग्राफर या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधून विंडोजसाठी नवा फॉन्ट तयार करता येई, पण तेवढ्यानं भागत नसे. मराठीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं आणि मात्रांचे जोड लागतात, म्हणून फॉन्टकर्त्यांनी 128 ते 255 या वरच्या घरांत ती बसवली. नेमकी हीच घरं दोन्ही यंत्रांत वेगळी होती. मॅकवर 142 क्रमांकाला असलेलं फ्रेंच अक्षर विंडोजवर 233ला आहे. फाइल रूपांतर करणारं सॉफ्टवेअर ते फ्रेंच अक्षर समजून इमानानं हलवी आणि तिथं बसवलेला मराठीचा तुकडा भलत्याच घरात जाई. मॅकच्या ज्या चिन्हांना विंडोजवर जागाच नव्हती, त्यांच्या घरांतले तुकडे तर नाहीसेच होत.

गोंदिया जिल्ह्यात या गोंधळाला भाषिक सीमेची जोड मिळाली. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. तिकडच्या हिंदी कारभारात रुजलेला कृतिदेव, आणि नागपूर-पुण्याकडची श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे फॉन्ट. कृतिदेवात 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतो. दुसऱ्या मराठी फॉन्टमध्ये तीच पाच अक्षरं वेगळंच काही दाखवतात. दिवाळीनंतरच्या मंडईची पत्रकं, झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती, झाडीबोलीतलं साहित्य यांतलं बरंचसं डीटीपीच्या काळातलं आहे. छापील प्रत गेली की मागे उरते ती अशीच फाइल, आणि सोबत फॉन्ट नसेल तर ती कुलूपबंद.

प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारा युनिकोड आला, आता हे कशाला उकरायचं, असं काही जाणकार म्हणतात. 1991पासूनच्या युनिकोडचा मी पुरस्कर्ताच आहे. पण युनिकोडनं पुढचं लेखन सुरक्षित केलं. मागचं त्यानं आपोआप सोडवलेलं नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, हा दुसरा आक्षेप. परिवर्तक एका कोष्टकासाठी लिहिलेला असतो, आणि सीडॅकच्या एकाच घराण्यातल्या एकभाषी आणि द्विभाषी फॉन्टची कोष्टकंही वेगळी आहेत. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या परिवर्तकाकडून 'दऱ्या'चा 'दर्या' होण्याची भीती वेगळीच. छापील पान स्कॅन करून मजकूर ओळखून घ्या, हा सल्ला ठसठशीत छपाईला लागू पडतो. स्वस्त कागदावरच्या फिकट पत्रकाला नाही.

आज जुने संगणक भंगारात निघतात आणि त्यांच्यासोबत फॉन्टही जातात. काही पॅकेजं डोंगलशिवाय, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीशिवाय, उघडतही नाहीत, आणि ते डोंगल जपण्याचं भान कुणाला उरलेलं नाही. वाङ्मयीन संस्था हस्तलिखितांचे खोके सांभाळतात, मात्र फॉन्टची फाइल त्यांना दस्तऐवज वाटत नाही. ही उपेक्षा अक्षम्य आहे. गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी इथल्या छापखान्यांच्या आणि डीटीपी केंद्रांच्या मालकांना माझी विनंती आहे: जुना संगणक विकण्याआधी त्यातली फॉन्टची फाइल मजकुरासोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि प्रत्येक फॉन्टच्या 32 ते 255 या सगळ्या घरांचा क्रमांकासह तक्ता छापून जवळच्या ग्रंथालयात द्या.