पालकांची श्रद्धा आणि मुलांचा विवेक

पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथे चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते. सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळला जातो आणि वडिलांच्या खांद्यावरचे मूलही ‘चांगभलं’चा गजर करते. त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो. घर जे करते, ते मूल करते. नास्तिक घरातही याहून वेगळे घडत नाही. तेथे नकार वारशाने मिळतो.

क्रांतिबा फुले यांचे ‘जोती’ हे नाव याच दैवताच्या उत्सवावरून ठेवले गेले, असे चरित्रकार सांगतात. नाव मातापित्यांच्या श्रद्धेतून आले. वाट मात्र जोतीरावांनी स्वतः शोधली. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. त्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी होऊ शकतो. प्रत्येकाने धर्मग्रंथ वाचून आपला मार्ग निवडावा आणि कोणी कोणाचा द्वेष करू नये, एवढीच अपेक्षा आहे.

सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. मुलांनी प्रार्थनेस बसावे, रामायण-महाभारत वाचावे, असा त्यांचा दंडक होता. तरीही या ग्रंथांविषयी बाल भीमराव वडिलांना प्रश्न विचारू शकत होते, हे महत्त्वाचे. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी भेट दिलेल्या बुद्धचरित्राने त्यांना नवी दृष्टी दिली. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्यांपैकी कबीर घरातून लाभले, बुद्ध ग्रंथातून.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या वाडवडिलांनी नागपूर येथे विचारपूर्वक धम्म स्वीकारला. आजची मुले बौद्ध घरात जन्मास येतात. त्रिसरण-पंचशील त्यांना मुखोद्गत असते. पण ‘मद्यपानापासून विरत राहावे’ असे म्हणणाऱ्या मुलाने घरी वेगळेच पाहिले, तर त्या पाठांतराचे मोल काय? ऐकीव गोष्ट वा गुरूचे वचन म्हणून काही स्वीकारू नका, अनुभवाने पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश आपल्या घरालाही लागू आहे.

निवासी शाळेत शिक्षक पालकाच्या जागी असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त अथवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्यावर पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. कायदा पालकांची संमती मागतो. धम्म त्यापुढे जाऊन मुलाच्या विवेकाला आवाहन करतो. म्हणून वंदनेनंतर एखाद्या विद्यार्थ्याने ‘हे कशासाठी?’ असे विचारले, तर त्यास गप्प न करता उत्तर देणे, हे आपले कर्तव्य होय.