माणशी अर्धा एकर पाणी

शेतीचं पाणी कुणाला किती मिळावं? ज्याची जमीन जास्त, त्याला जास्त. यात विचारायचं काय, असंच कुणालाही वाटेल. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात मात्र हा प्रश्न खरोखर विचारला गेला, आणि त्याचं जे उत्तर निघालं ते आजही थक्क करतं.

साल १९७२. महाराष्ट्रभर दुष्काळ. पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे पेशाने इंजिनियर. जमीनजुमला असलेले शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडताना त्यांनी पुरंदरात पाहिले. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला २५० ते ५०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही पालथ्या घागरीवर पडल्यासारखा उतारावरून निघून जायचा. १९७४ मध्ये साळुंख्यांनी नायगावच्या देवस्थानची ४० एकर उजाड जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली. पत्नी कल्पनाताईही या कामात उतरल्या.

उतारावर बांध घातले. खालच्या अंगाला पाझर तलाव केला, आणि तलावाच्याही खाली विहीर खणली. तलाव असताना विहीर कशाला? खुबी इथेच आहे! उघडं पाणी उन्हाने उडून जातं, मुरलेलं टिकतं. हा तलाव पाणी जिरवण्यासाठी आहे. जिरलेलं पाणी जमिनीखालून सावकाश विहिरीत उतरतं आणि पंपाने पुन्हा वर रानात चढतं. त्या उजाड ४० एकरांतले २४ एकर भिजू लागले.

पण खरं नवल पुढेच आहे. पाणी आलं की वाटणी आली, आणि त्या वाटणीसाठी ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचा नियम असा : माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. घरात पाच माणसं असतील, तर तीन एकरवाल्याला जेवढं पाणी, तेवढंच वीस एकरवाल्याला!

आणि ज्याला जमीनच नाही त्याला? त्यालाही हक्काचं पाणी. तो ते घेऊन दुसऱ्याच्या रानात वाट्याने शेती करू शकतो. जमीन त्याची, पाणी याचं. कालपर्यंत त्याच बांधावर मजूर म्हणून उभा असलेला माणूस आता भागीदार म्हणून उभा राहतो. केवढी उलथापालथ ही!

बाकीचे नियमही तितकेच पक्के. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनीच उचलायचा. पाण्याच्या पाळ्या लावायला सभासदांच्या गटाचा पाटकरी. आणि उसाला साफ मनाई, कारण एका उसाच्या फडाला लागणाऱ्या पाण्यात ज्वारी-बाजरीची कितीतरी रानं निघतात.

साळुंखे २००२ मध्ये गेले. तोवर नायगावचा हा वाटणीचा नियम पुरंदरातल्या इतर गावांच्या उपसा योजनांपर्यंत पोचला. राज्यात पाण्यावर पुष्कळ काम झालं, धरणं झाली, कालवे निघाले. पण भूमिहीनालाही पाण्याचा धनी मानणारा हा नियम मला त्या सगळ्यांहून मोठं बांधकाम वाटतो.