दवाखान्याचे दप्तर नव्या संगणकावर नेताना

रुग्णाचा पूर्वेतिहास हा चिकित्सेचा पाया होय. प्रकृती, सार, सात्म्य, सत्त्व इत्यादींचे परीक्षण करून आपण केसपेपरवर जे टिपून ठेवतो, ते पुढे अनेक वर्षे आपल्याला वाट दाखवते. बऱ्याच दवाखान्यांत हे केसपेपर आता संगणकावर असतात. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे अनेक वैद्यमित्रांवर संगणक बदलण्याची वेळ आली आहे. आम्हीही तो बदलला. त्या वेळी जे घडले, ते आमच्या चुकीसह येथे मांडत आहोत.

दर शनिवारी दवाखाना बंद करताना रुग्णनोंदींचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचा आमचा नेम होता. नवा संगणक आल्यावर ती डिस्क जोडली, नोंदी उतरवल्या आणि दोन-तीन जुन्या रुग्णांची नावे उघडून पाहिली. सर्व ठीक दिसले. त्याच संध्याकाळी जुना संगणक पूर्णपणे पुसून भाच्याला अभ्यासासाठी दिला. सोमवारी मात्र पहिल्याच रुग्णाची नोंद सापडेना. शोध घेतल्यावर उलगडा झाला. २०२१ मध्ये नोंदींच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली, तेव्हापासून ते नोंदी वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवत होते आणि आम्ही दर शनिवारी इमानेइतबारे जुनेच फोल्डर उतरवत होतो. बॅकअप नियमित होता. पण गेल्या चार वर्षांच्या नोंदी त्यात नव्हत्या.

या हानीचे गांभीर्य पुढच्याच आठवड्यात कळले. शुष्क अर्शाचा त्रास असलेले एक वृद्ध शेतकरी आले. पूर्वी कोणते औषध बाधले होते का, असे विचारता त्यांनी नकारार्थी मान हलवली. आम्ही भल्लातकाचा योग लिहिला. कागद हाती घेताना त्यांनी पिशवीतून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "डॉक्टर, हा मागचा कागद लागतो का बघा." त्यावर २०२३ सालच्या आमच्याच अक्षरात लाल शाईने लिहिले होते : 'भल्लातक वर्ज्य. सर्वांगावर कंडू, शोथ.' त्या चिठ्ठीने रुग्णाला वाचवले आणि आम्हालाही.

आपल्या शास्त्राला हा अनुभव नवा नाही. चरकसंहितेच्या १२० अध्यायांपैकी चिकित्सास्थानातील १७ अध्याय आणि संपूर्ण कल्पस्थान व सिद्धिस्थान दृढबलाने अन्य तंत्रांतून सामग्री वेचून पूर्ण केले. भेलसंहिता आज मुख्यत्वे तंजावरच्या एकाच हस्तलिखिताच्या आधारे आपल्या हाती आहे, आणि तीही खंडित. एकच प्रत राहिली की ग्रंथाचे आयुष्य त्या प्रतीएवढेच उरते. आम्हीही औषधांची वही आणि रुग्णांच्या पिशव्यांतील चिठ्ठ्या यांवरून नोंदी पुन्हा भरू लागलो. काही भरून निघाल्या; काही कायमच्या गेल्या.

या अनुभवातून हाती आलेली पथ्ये अशी :

१) फोल्डर हाताने उतरवण्याऐवजी सॉफ्टवेअरमधील बॅकअपची आज्ञा वापरावी. सॉफ्टवेअर चालू असताना घेतलेली फोल्डरची प्रत सदोष निघू शकते. पडद्यावरील चिन्हाची प्रत म्हणजे तर केवळ पत्ता. त्यात नोंदी नसतात.

२) नोंदी नव्या संगणकावर उतरल्यावर प्रथम एकूण रुग्णसंख्या जुन्या संगणकाशी ताडून पाहावी. नंतर सर्वांत जुना, मधला आणि कालचा असे किमान दहा केसपेपर दोन्हीकडे उघडून ओळीने वाचावेत.

३) युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर, तो फाँट नव्या संगणकावर नसल्यास, निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. जुना फाँट बसवावा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

४) दिनांकाची मांडणी तपासावी. महिना आधी धरला गेल्यास ४ मार्चची नोंद ३ एप्रिलची होते आणि औषधाचा कालावधी चुकतो.

५) नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दवाखान्याबाहेर असावी. बॅकअपची डिस्क काम होताच काढून ठेवावी. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय'सारखा खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद करतो. रुग्णाची गुप्तता राखणे हा आपला धर्म असल्याने डिस्कला पासवर्ड अवश्य असावा.

६) जुना संगणक किमान महिनाभर तसाच ठेवावा. पडताळणी पूर्ण झाल्यावरच तो पुसावा आणि पुसल्याशिवाय कोणालाही देऊ नये.

औषध सिद्ध झाले की नाही हे आपण पाकाची लक्षणे पाहून ठरवतो, चूल किती वेळ पेटती होती यावरून नव्हे. बॅकअपचेही तसेच आहे. तो किती शनिवार घेतला याला महत्त्व नाही. त्यातून नोंदी परत मिळतात की नाही, हे पाहिल्यावरच तो सिद्ध झाला असे म्हणावे. आता दर तीन महिन्यांनी आम्ही आमची बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडतो आणि सर्वांत आधी त्या शेतकरी बाबांचा केसपेपर पाहतो. 'भल्लातक वर्ज्य' ही ओळ दिसली की मगच डिस्क कपाटात जाते.