गाय प्रदर्शनाला न्यायची, पण कोणत्या?

भातकापणी उरकली, खळी आवरली की आपल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि शेजारच्या अकोले भागात जनावरांच्या प्रदर्शनांचे दिवस येतात. राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन बहुतेक डिसेंबरात भरतं. घोटीला भरतं. जत्रांमधून भरतात, गावात वासरांचे मेळावेही होतात. मग गटाच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "आमची गाय चांगली आहे, न्यावी का? आणि न्यायची तर कुठं?" आज आपण त्यावरच बोलू.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आपण कशासाठी जातोय? कुणाला कालवड विकायची असते, तिला गिऱ्हाईक जिथं येतं तिथं गेलं पाहिजे. कुणाकडे चांगला वळू असतो. त्याला पंचांनी नंबर दिला तर आसपासच्या गावांतून गाई फळवायला त्याच्याकडे येतात. आणि कुणाला फक्त आपलं जनावर कुठं बसतं ते बघायचं असतं. तिघींची वाट वेगळी आहे. विकायचं आहे तिनं बाजार जोडून असलेलं मोठं प्रदर्शन निवडावं. वळू आहे तिनं डांगीचा वेगळा गट असलेलं निवडावं. बघायचंच आहे तिनं आधी गावातल्या वासरांच्या मेळाव्याला जावं. तिथं गाडीभाडं नाही, आणि डॉक्टरांशी निवांत बोलताही येतं.

दुसरा प्रश्न: तिथं काय पाहून नंबर देतात? डांगी गाय दुधाच्या स्पर्धेत संकरित गाईपुढे टिकणार नाही, आणि त्यात तिचा कमीपणाही नाही. तिचं मोल दुसरीकडे आहे. आपल्याकडच्या धो धो पावसात ती टिकते, कारण तिची कातडी तेलकट असते, पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि टणक, चिखलात आणि दगडात सारखेच चालतात. पंच हेच बघतात: अंगाचा बांधा, कातडी, खूर, चाल, आणि रंग. पारा, बाहाळा, मणेरा, शेवरा, लाल, काळा ही रंगांची नावं तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतील. म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारा, डांगीचा गट वेगळा आहे का? संकरित आणि देशी एकाच रांगेत उभी करत असतील तर ते प्रदर्शन आपलं नाही.

गट वयावर पडतात आणि वय दातावर ठरतं. दुधाचे दात पडले नाहीत तोवर आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन पक्के दात येतात, ते दोन दाती. तीनच्या आसपास चार दाती, पुढे सहा दाती, आणि चार-साडेचार वर्षांनी आठही दात आले की जुळलेलं. देशी जनावरात हे थोडं पुढंमागं होतं. घरी तोंड उघडून दात मोजा. नुकतीच चार दाती झालेली कालवड त्या गटात सगळ्यात लहान दिसते. तीच महिनाभर आधी दोन दाती गटात सगळ्यात भरलेली दिसली असती. दोन प्रदर्शनांपैकी एक निवडताना ही गोष्ट फार कामाची आहे.

आता शर्यतींबद्दल, कारण घरातली पोरं त्याचाच हट्ट धरतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. पण वाट मोकळी झाली म्हणजे अटी गेल्या असं नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची डॉक्टरांकडून तपासणी लागते, धाव हजार मीटरच्या वर नाही, काठी-चाबूक नाही, विजेचा झटका तर नाहीच. परवानगीचा कागद दाखवत नाहीत तिथं बैल उतरवू नका. आणि एक खरं सांगायचं तर डांगी बैल ओढकामाचा, सावकाश आणि दमाचा. पळण्यासाठी खिल्लार आहे. पोराच्या हौसेपायी नांगराचा बैल लंगडा झाला तर पुढचा पावसाळा घरातल्या बाईच्या डोक्यावर येतो.

तिसरा प्रश्न जनावराच्या जिवाचा. २०२२ मध्ये लम्पी पसरला तेव्हा राज्यात बाजार, शर्यती, प्रदर्शनं सगळीच बंद ठेवावी लागली, हे आपण विसरलो नाही. शंभर गोठ्यांतली जनावरं एका मैदानावर येतात, तिथं रोगही येतो. म्हणून लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस निघण्याच्या किमान महिनाभर आधी टोचलेली असावी. लस टोचली म्हणजे दुसऱ्या दिवशी ताकद आली असं होत नाही. कानात बारा आकडी टॅग हवाच. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. प्रवासाला योग्य असल्याचा दाखला पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. सात महिन्यांच्या पुढची गाभण आणि नुकतीच व्यालेली गाय घरीच ठेवा, मग प्रदर्शन कितीही मोठं असो. जिथं प्रवेशाला टॅग आणि दाखला कुणी तपासत नाही, तिथं शेजारी उभं राहणारं जनावरही तपासलेलं नाही असं समजा.

चौथा प्रश्न पैशाचा. हिशेब असा करा की बक्षीस मिळालंच नाही. समजा टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं ३,००० रुपये, दोन माणसांची दोन दिवसांची बुडालेली मजुरी १,६०० रुपये, चारा-पेंड आणि जेवण ८०० रुपये. झाले ५,४०० रुपये. एवढे पैसे परत आले नाहीत तरी घराला झळ बसणार नाही ना? बसणार असेल तर जवळचं प्रदर्शन बघा, किंवा गटातल्या तिघींनी मिळून गाडी करा. तेच भाडं मग प्रत्येकीला हजार रुपये पडतं. पण गाडीत कोंबू नका. नियमानं साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई-बैल चढवता येत नाहीत, आणि लहान टेम्पोत त्याहून कमीच मावतात. वर्षात एकच चांगलं प्रदर्शन करावं. चार ठिकाणी फिरवलेली गाय आटते, दूधही कमी देते.

पाचवा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही विचारतो. अर्जावर नाव कुणाचं? शेण काढते ती, वैरण आणते ती, रात्री व्यायला मदत करते ती, आणि फेटा बांधून फोटोत उभा राहतो दुसराच. टॅग मारताना मालक म्हणून जे नाव नोंदलं जातं, ते पुढं कागदोपत्री चालत राहतं. गटातून कर्ज काढून गाय घेतली असेल तर टॅगवरही आणि प्रदर्शनाच्या अर्जावरही तुमचंच नाव असू द्या. मैदानात दोरीही तुम्हीच धरा. गाय तुमच्याच हाताला शांत राहते.

जायचं ठरलं तर महिनाभर आधीपासून रोज पाव तास तिला दोरीनं चालवा, चौरस उभं राहायला शिकवा, माणसांच्या गर्दीत आणि भोंग्याच्या आवाजात न्या. शिंगं रंगवण्यापेक्षा खूर साफ ठेवा. चारा आणि बादली घरची न्या, तिथल्या सार्वजनिक हौदावर तोंड लावू देऊ नका. परत आल्यावर तीन-चार आठवडे तिला इतर जनावरांपासून लांब बांधा. जागा नसेल तर निदान गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या बादलीवर. घरच्या जनावरांचं आधी करा, तिचं शेवटी.

आणि जिला जनावर बाहेर काढायचंच नाही, तिच्यासाठीही वाट आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय गोपाल रत्न पुरस्कार २०२१ पासून देशी गाई-म्हशी पाळणाऱ्यांना मिळतो. त्यासाठी अर्ज भरावा लागतो, गाय गाडीत चढवावी लागत नाही. तिथं सगळा गोठा आणि नोंदी बघतात, म्हणून दुधाची, लसीची आणि वेताची वही आजपासून ठेवा.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न फळ्यावर लिहा: कशासाठी, कोणता गट, लस आणि दाखला, खर्च, नाव कुणाचं. पाचांची उत्तरं जुळली तर खुशाल जा. एखादं अडलं तर गाय पुढच्या वर्षीही आपलीच आहे.