आंबेनळी घाट आणि दुसरा गिअर

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी १२०० मीटरहून अधिक खाली येते. १२०० किलो वजनाच्या गाडीची तेवढ्या उताराची ऊर्जा सुमारे १.४ कोटी ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत ४० लिटरहून जास्त पाणी उकळेल! हवा आणि टायर तिचा काही भाग खातात. उरलेली सगळी ब्रेकवर सोडली, तर ब्रेकचा द्रव तापतो. डॉट ३ प्रकारचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेला द्रव १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतो. वाफेचे बुडबुडे दाबले जातात, पेडल खोल जाते आणि गाडी मात्र थांबत नाही.

म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर, म्हणजे ब्रेकऐवजी इंजिनच गाडीला रोखून धरते.

आधी ब्रेकने वेग कमी करावा, मग क्लच दाबून तिसऱ्यावरून दुसरा टाकावा. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे २००० वरून साधारण ३००० वर जातात. म्हणून क्लच सोडण्यापूर्वी ॲक्सिलरेटर किंचित दाबला, तर झटका बसत नाही. ओल्या रस्त्यावर याला फार महत्त्व आहे, कारण झटक्याने चाके घसरू शकतात. गिअर एकेकच उतरवावा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात. ही सवय धोक्याची, शिवाय निरुपयोगी. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.