पंचांची शिट्टी



गेल्या शनिवारी आपल्या मैदानावर सहावी विरुद्ध सातवी असा फुटबॉलचा सामना झाला. पंच म्हणून गावातलाच कॉलेजात जाणारा एक दादा उभा राहिला होता. त्याला कोणी पैसे दिले नव्हते. शिट्टीसुद्धा त्याने स्वतःच आणलेली. सातवीचा एक गोल त्याने ऑफसाइड ठरवला. तेव्हा बांधावर बसलेल्या मोठ्या माणसांतून कोणीतरी ओरडले, "अरे, डोळे घरी ठेवून आलास काय?" मग आम्ही पोरंही ओरडलो. मी सातवीचा, म्हणून मीही ओरडलो. सोमवारी गुरुजींनी मला उभे करून विचारले, "ऑफसाइड म्हणजे काय, सांग बरं." मला धड सांगता आले नाही. म्हणून हा लेख लिहिला आहे.

आपला गडी चेंडू पुढे मारतो, त्या क्षणी पुढचा गडी कोठे आहे ते बघायचे असते. तो समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असला आणि त्याने खेळात भाग घेतला, तर ऑफसाइड. (शेवटचा बहुधा गोलकीपरच असतो.) चेंडू त्याच्याजवळ पोचतो तेव्हा तो कोठे आहे, याला महत्त्व नाही. आपण बांधावरून नेमके तेच बघतो आणि चुकतो.

म्हणजे पंचाने एकाच वेळी दोन ठिकाणी बघायचे. गुरुजींनी हे आम्हांला करून दाखवले. एकाने कडुनिंबापाशी चेंडू मारायचा, दुसऱ्याने गोलाकडे पळायचे, आणि शिट्टी माझ्याकडे. दहा वेळा केले, त्यात चार वेळा मी चुकलो. मोठ्या सामन्यांत दोन बाजूंना दोन रेषापंच झेंडी घेऊन असतात. २०१८ च्या विश्वचषकापासून तर चित्रफीत पुन्हा बघायचीही सोय झाली. दादाजवळ काय होते? दोन डोळे आणि उन्हाची तिरीप!

पूर्वी फुटबॉलला पंच नव्हतेच. तंटा झाला की दोन्ही कप्तान आपसांत मिटवत. पुढे प्रत्येक संघ आपापला पंच आणू लागला. ते दोघे आपल्याच बाजूने बोलणार, हे उघड आहे. मग मैदानाबाहेर एक तिसरा माणूस बसवला. दोघांचे जमले नाही की गाऱ्हाणे त्याच्याकडे न्यायचे; म्हणूनच त्याला इंग्रजीत 'रेफरी' म्हणत. १८९१ साली या तिसऱ्याला मैदानात घेतले आणि ते दोघे रेषेवर गेले.

१९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंचांनी अर्जेंटिनाच्या कप्तानाला बाहेर काढले. एकमेकांची भाषा कळेना, आणि कप्तान कितीतरी मिनिटे मैदान सोडीना. त्या वेळी पंचांचे प्रमुख केन अ‍ॅस्टन होते. वाटेत चौकातले लाल-पिवळे दिवे बघून त्यांना कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ती कार्डे आली. हे अ‍ॅस्टनसाहेब पेशाने प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक! पोरांची समजूत काढायची सवय त्यांना असणारच.

आता एक वाईट गोष्ट सांगायची आहे. नेदरलँड्स देशात मुलांच्या सामन्यांना खेळाडूंचे वडीलच फुकट रेषापंच होतात. २ डिसेंबर २०१२ रोजी आल्मेरे शहरात असेच एक वडील झेंडी धरून होते, त्यांचा मुलगा खेळत होता. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या काही मुलांनी त्यांना लाथाबुक्क्यांनी मारले. दुसऱ्या दिवशी ते वारले. २०१३ साली न्यायालयाने सहा मुलांना आणि त्यांतल्या एकाच्या वडिलांना शिक्षा दिली. त्या घटनेनंतरच्या शनिवारी-रविवारी देशातले सगळे हौशी सामने बंद ठेवले होते. ती मुले काही जन्मतः गुंड नसणार. आरडाओरड्याने सुरुवात झाली असेल, असे मला आपले वाटते.

फुटबॉलच्या नियमांत पंचाचा निर्णय शेवटचा आहे. तो कधीच चुकत नाही, म्हणून नव्हे. शेवटचा कोणाचा तरी धरला नाही तर सामना पुढे सरकणारच नाही, म्हणून. इंग्लंडमध्ये २०१९ पासून हौशी सामन्यांत पंचाशी हुज्जत घातली, तर खेळाडूला दहा मिनिटे बाहेर बसवतात. २०२४ साली आणखी एक रीत निघाली: पंचाकडे जाऊन विचारायचे ते फक्त कप्तानाने, बाकीच्यांनी लांब राहायचे. ही रीत आपण ठेवायची, असे सहावी आणि सातवीने मिळून ठरवले आहे. पालकांनी बांधावरून टाळ्या वाजवाव्यात, हाका माराव्यात, पण ऑफसाइड कप्तानावर सोडावा.

काल मी दादाच्या घरी गेलो. आधी तो काही बोलेचना. मी "चुकलं माझं" म्हटले. मग म्हणाला, "येतो रे शनिवारी. पण झेंडी धरायला तू उभा राहायचं."

त्यामुळे या शनिवारी मला खेळता येणार नाही. झेंडीसाठी आईने लाल फडके दिले आहे.